आणला अशोक, निघाला उलटा अशोक

प्रश्न : घराच्या पश्चिमेला आमची पंधरा फूट जागा आहे. दुपारनंतर भिंत नुसती तापते, म्हणून बारमाही हिरवं झाड हवं होतं. नातीला सीतामाईचा अशोक हवा होता, म्हणून तीन वर्षांपूर्वी अशोकाची दोन रोपं आणली. ती सरळसोट वाढली. सावली नाही की केशरी फूल नाही. सोबत पान पाठवते आहे. काय चुकलं?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमचं काहीच चुकलं नाही. पान पाहिलं. अरुंद, लांबट, कडा झालरीसारख्या नागमोडी. हा उलटा अशोक, काही जण त्याला खोटा अशोकही म्हणतात. फुलं त्यालाही येतात, पण हिरवट, पानांत लपलेली. सीता अशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, चार ते सहा जोड्या असतात, कडा साध्या. नवी पालवी तांबूस, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. एकदा बोटांत धरून पाहिली की पुन्हा फसगत होत नाही.

मात्र त्या पश्चिमेच्या उन्हात सीता अशोक लावू नका. तो ओलसर, दाट रानातला. लहानपणी त्याला सावली लागतेच. घराच्या पूर्वेला, जिथे ओल टिकते, तिथे त्याला जागा द्या.

पश्चिमेला बकुळ लावा, घरापासून दहा फुटांवर, कुंपणाकडे सरकवून. ऊन सोसते, छाटणी मानवते, पानोळा दाट. वाढ संथ, हे आधीच सांगते. जुनी पानं तिचीही गळतात, पण सगळी एकदम नाही, त्यामुळे झाड कधी बोडकं दिसत नाही. कुंपणालगत कुंतीचं (कामिनीचं) झुडूप चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझी पहिली बकुळ सहाव्या पावसाळ्यात वाऱ्याने कलंडली. उपटून पाहिलं तर मुळं दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी, पिशवीच्या आकारातच गोल फिरलेली! लावताना मी ती मोकळी केलीच नव्हती. हिरवीगार दिसायची, म्हणून शंकाही आली नाही. फार वाईट वाटलं. तुम्ही पिशवी फाडून तळाची वेटोळी धारदार कात्रीने कापा, बाजूची बोटांनी सोडवा. पिशवीत जेवढं खोड मातीबाहेर होतं, तेवढंच बाहेर ठेवा. खोल पुरलं तर बुंधा कुजतो. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लावा. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा पाणी, बुंध्यापासून वीतभर लांब पालापाचोळ्याचं आच्छादन. पहिले दोन उन्हाळे एवढं जपा.

ते उलटे अशोक तोडू नका हं. त्यांची फळं पिकून काळी झाली की पाखरं येतात.

आणि सीता अशोक घ्यायला जाल तेव्हा नातीला बरोबर न्या. जोड्या तिलाच मोजू द्या.