गुहेत मशाल कुणाच्या हातात?

प्रिय चित्रकथाकारास,

सप्रेम नमस्कार.

तुला मुलांसाठी अद्भुताची चित्रकादंबरी करायची आहे, आणि एरवी चौकटीच्या कडेला उभी असणारी मुलं तिच्यात मधोमध आणायची आहेत. हे काम थंबनेलमध्येच, म्हणजे पानाच्या छोट्या कच्च्या आराखड्यातच व्हावं लागतं. काडेपेटीएवढ्या चौकोनात पान आखताना बदल करायला पाच मिनिटं पुरतात. तोच बदल शाई आणि रंग झाल्यावर करायचा म्हटलं तर दोन दिवस जातात, आणि दमलेला माणूस मग तो टाळतोच.

उदाहरण घे. नायिका कर्णबधिर आहे, खुणांच्या भाषेत बोलते आणि मैत्रिणीसोबत अंधाऱ्या गुहेत शिरते. तिच्या हातात मशाल दिलीस, की तिचं अर्धं बोलणं गेलं. मशाल मैत्रिणीकडे दिलीस, तर उत्तर देताना मैत्रीण अडखळणार. मशाल विझली तर दोघींचं संभाषणच थांबणार. म्हणजे या गुहेत उजेड हाच आवाज. आता गुहेतला राक्षस उजेड गिळणारा कर आणि बघ, तिचं कर्णबधिर असणं कथेच्या कण्यात आलं की नाही! स्क्रिप्ट आधी लिहून ‘तिला ऐकू येत नाही’ एवढं मागाहून जोडलं असतं, तर हा राक्षस सुचलाच नसता.

आता तो प्रसंग चितारायचा कसा? खूण ही हालचाल आणि चौकट स्थिर. जिच्यावर कथानक अवलंबून आहे अशी एखादीच खूण सुरुवात आणि शेवट अशा दोन स्थितींत, मध्ये बाण देऊन पूर्ण दाखव. बाकी ठिकाणी हात खुणेच्या मध्यावर पकड आणि संवाद वेगळ्या कडेच्या फुग्यात लिही. भुवया, ओठ, मानेचा कल हा या भाषेच्या व्याकरणाचाच भाग असतो. म्हणून पात्र कमरेपासून वर दिसू दे, हात चौकटीत पूर्ण मावू देत आणि फुगा हातांवर येऊ देऊ नकोस. दोघी एकमेकींकडे पाठ करून बोलताना दिसल्या, तर ही भाषा बोलणारं मूल तिथेच पुस्तक मिटेल. शिवाय जगभर एकच खुणांची भाषा नाही. एक निवड, शेवटपर्यंत तीच ठेव.

हीच नजर बाकी पात्रांना लाव. रोज व्हीलचेअर वापरणारं मूल बहुतेकदा ती स्वतः चाकाच्या कडेचं रिंग ढकलून चालवतं. मागून कुणीतरी ढकलतंय असं सतत काढलंस, तर सूत्रं त्याच्या हातून जातात. किल्ल्याला पायऱ्या आहेत की उतार, हे किल्ल्याच्या नकाशातच ठरव. उडती खुर्ची दिलीस तर प्रश्न सुटत नाही, नाहीसा होतो, आणि त्यासोबत कथाही. पांढऱ्या काठीचं टोक पुढे पडणाऱ्या पावलाच्या विरुद्ध बाजूला टेकतं: उजवं पाऊल पुढे, तर टोक डावीकडे. आणि दोन गोष्टी कृपा करून टाळ. शेवटी जादूने अपंगत्व बरं करणं ही एक, आणि चेहऱ्यावरच्या व्रणावरून किंवा लंगडण्यावरून खलनायक ओळखू येणं ही दुसरी. मुलांची पुस्तकं आरसाही असतात आणि खिडकीही, असं बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडलं. तसाच व्रण असलेल्या मुलाला या आरशात काय दिसेल, याचा विचार कर.

जाणकार वाचकांना, म्हणजे पात्रासारखं आयुष्य स्वतः जगणाऱ्यांना, मजकूर दाखवायचा तो स्क्रिप्ट झाल्यावर एकदा आणि थंबनेल झाल्यावर पुन्हा. त्यांना मानधन दे. रंगवलेलं पान समोर ठेवलंस, तर ते संकोचाने ‘छान आहे’ म्हणतील.

सावळ्या-काळ्या त्वचेच्या छटांचा तक्ता आधीच बनव: दिवस, रात्र, आगीचा उजेड, जादूचा निळा प्रकाश. नाहीतर पन्नासाव्या पानावर पात्र राखाडी किंवा गोरं होऊन बसतं. प्रत्येक पान एकदा करड्या छटांत बघ. नुसत्या लाल-हिरव्या फरकावर अर्थ टांगलेला असेल, तर रंगांधळ्या मुलाला तो कळणार नाही.

मुलांसाठी पानावर ४ ते ६ चौकटी आणि एका फुग्यात फार तर २०-२५ शब्द पुरेत. संवाद थंबनेलमध्येच हाताने लिहून बघ, कारण देवनागरीला वर-खाली जागा लागते. ओळी जवळ आणल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. सॉफ्टवेअर बदलताना जोडाक्षरं फुटतात. छपाईच्या फाइलवर प्रत्येक फुगा पुन्हा वाच. धक्का द्यायचा असेल तर तो डाव्या पानावर, म्हणजे पान उलटल्यावर येऊ दे. छपाईसाठी चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचं चित्र ठेव, रंगीत पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) कर.

आता वेळेचा हिशेब, जो बहुतेकजण चुकवतात. समज, पुस्तक १६० पानांचं आहे (१६च्या पटीतली संख्या छपाईला सोयीची पडते). पेन्सिल ५ तास, शाई ५, रंग ४, थंबनेल आणि लेटरिंग (फुग्यांतली अक्षरं) मिळून २: पानाला १६ तास. झाले २,५६० तास. आठवड्याला ३० तास बसलास किंवा बसलीस, तरी ८५ आठवडे, आणि स्क्रिप्ट त्याआधीचं. म्हणून करारात पैसे टप्प्याटप्प्याने माग: सही, स्क्रिप्ट, पेन्सिल, अंतिम पानं. आगाऊ रक्कम रॉयल्टीतून वळती होते, हे लक्षात ठेव. कॉपीराइट स्वतःच्या नावावर राहू दे. भाषांतर, चित्रपट आणि खेळणी यांचे हक्क वेगवेगळे लिहून घे. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर सही करू नकोस.

प्रकाशकाकडे पाठवायला वयोगट आणि पानसंख्या, शेवटासह पूर्ण कथासार, पात्रांचे तक्ते आणि ८ ते १२ पूर्ण झालेली पानं लागतात. शेवट झाकून ठेवलास, तर तुला कथा पेलली आहे की नाही हे संपादकाला कळत नाही.

पण त्याही आधी ८ पानांची एकच कथा रंग-लेटरिंगसह पुरी कर, घड्याळ लावून. मग आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती मोठ्याने वाचायला दे आणि शेजारी गप्प बस. जिथे बोट थबकतं किंवा फुगे उलट्या क्रमाने वाचले जातात, तिथे पेन्सिलीने खूण कर. ती पानं पुन्हा थंबनेलपासून काढ.

लोभ असावा.