अपडेटनंतर टीव्ही आवाजावर चालेना, कंपनी म्हणते हे वॉरंटीत बसत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाच्या अकाउंटवरून ऑनलाइन स्मार्ट टीव्ही घेतला, जाहिरातीत आणि खोक्यावर दोन्हीकडे 'आवाजाने टीव्ही चालू-बंद करा' असं छापलेलं होतं, वडिलांना पक्षाघातानंतर रिमोट धरता येत नाही म्हणून मुद्दाम हाच टीव्ही निवडला. आठ महिने सगळं नीट चाललं, मग एका रात्री टीव्हीचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं आणि तेव्हापासून घरातल्या स्मार्ट स्पीकरला (आवाजाने चालणारा, टीव्हीशी जोडलेला) सांगितलं की तो म्हणतो डिव्हाइस प्रतिसाद देत नाहीये. टेक्निशियन आला, पॅनल (म्हणजे स्क्रीन) ओके आहे म्हणाला आणि ओटीपी घेऊन तक्रार बंद करून गेला. टीव्ही कंपनी स्पीकरवाल्यांकडे बोट दाखवते, स्पीकरवाले टीव्हीकडे, विक्रेता म्हणतो रिटर्नची मुदत संपली. ग्राहक आयोगात जाता येईल का, आणि बिल भावाच्या नावावर आहे तर तक्रार कोणी करायची.

जाता येईल, आणि तुमची बाजू चांगली आहे. पण आयोगात तुम्हाला पहिला प्रश्न येणार की बिघाड नक्की कुठे आहे, आणि सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, वकील म्हणणार की ग्राहकाने सेटिंग नीट केलेलं नाही, वायफायचा प्रॉब्लेम आहे, आमचा काय संबंध. म्हणून आधी घरच्या घरी तपासणी करा आणि ती करताना प्रत्येक पायरीचा व्हिडिओ काढा. यातून टीव्ही सुरू झाला तर उत्तमच, वडिलांचा प्रश्न सुटला. नाही झाला तर तोच व्हिडिओ तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा असेल. फॅक्टरी रिसेट मात्र एवढ्यात करू नका, कॉल सेंटरवाले पहिल्याच मिनिटाला तेच करायला सांगतात आणि त्यात आत्ताची सगळी स्थिती पुसली जाते. आधी सेटिंग्जमध्ये सपोर्ट किंवा अबाउटखाली जाऊन सॉफ्टवेअर व्हर्जनचा फोटो काढून ठेवा.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या, कारण तक्रार लिहितानाही ते लागणार आहे. बहुतेक सेटअपमध्ये वडील बोलतात ते स्पीकर ऐकतो, ते स्पीकर कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथून टीव्ही कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथून इंटरनेटवरून तुमच्या टीव्हीपर्यंत परत येतं. यातली एक कडी तुटली तरी स्पीकर बहुतेक वेळा तेच एक वाक्य बोलतो, डिव्हाइस प्रतिसाद देत नाहीये, त्यामुळे त्या वाक्यावरून काहीच कळत नाही. म्हणून आधी टीव्ही रिमोटने चालू करा आणि मग आवाजाने व्हॉल्यूम कमी-जास्त करून बघा. व्हॉल्यूम ऐकतोय आणि फक्त बंद असलेला टीव्ही चालू होत नाहीये, तर दोष बहुतेक स्टँडबायच्या सेटिंगमध्ये आहे. टीव्ही बंद केल्यावरही त्याचं नेटवर्क जागं राहावं लागतं, त्याला कुठे क्विक स्टार्ट म्हणतात, कुठे नेटवर्क स्टँडबाय, कुठे मोबाइलवरून टीव्ही चालू करणे, आणि वीज वाचवायचा मोड लागला की हे बंद पडू शकतं. ते परत चालू करा. आणि घरात कोणी रात्री भिंतीवरचा स्विच बंद करत असेल तर कुठलाच असिस्टंट (स्पीकरमधली आवाज ऐकून काम करणारी सेवा) टीव्ही चालू करू शकणार नाही, हे पण एकदा घरात विचारून घ्या.

व्हॉल्यूमही ऐकत नसेल तर अकाउंट जोडणी तुटलेली असू शकते. स्पीकरच्या ॲपमध्ये टीव्ही कंपनीची सेवा अनलिंक करून परत लॉगिन करून लिंक करायची आणि डिव्हाइस पुन्हा शोधायला लावायचं. जुन्या नावाने एक आणि नव्या नावाने एक असे दोन टीव्ही यादीत दिसत असतील तर जुना काढून टाका, नाहीतर असिस्टंट आता अस्तित्वातच नसलेल्या टीव्हीशी बोलत बसतो. स्पीकर गेस्ट वायफायवर आणि टीव्ही मुख्य वायफायवर असेल तर दोन्ही एकाच नेटवर्कवर आणा. टीव्हीला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावून वापरत असाल तर एचडीएमआय-सीईसी (केबलने जोडलेल्या उपकरणाला टीव्ही चालू-बंद करू देणारी सोय) चालू आहे का बघा, सॅमसंगमध्ये ते ॲनीनेट प्लस नावाने, एलजीमध्ये सिंपलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक नावाने असतं, म्हणून लोकांना सापडतच नाही. टीव्हीलाच स्वतःचा माइक असेल तर त्याचं बटण खाली सरकलेलं नाही ना तेही बघून घ्या.

आणि एक गोष्ट जी टेक्निशियन सहसा बघत नाहीत. अपडेटनंतर कधीकधी टीव्ही नवीन अटी-शर्ती दाखवतो आणि घरातलं कोणीतरी घाईत 'नंतर' दाबतं, मग आवाजाच्या माहितीची संमती नाही म्हणून टीव्हीतली व्हॉइस सेवाच बंद राहते. सेटिंग्जमध्ये युजर ॲग्रीमेंट शोधा. बऱ्याच टीव्हींमध्ये आवाजाची संमती, तुम्ही काय बघता त्या माहितीची संमती आणि जाहिरातींची संमती वेगवेगळी असते, तेव्हा फक्त आवाजाची द्या, बाकीच्या दोन देण्याची काही गरज नाही. सगळ्याला हो म्हटल्याशिवाय व्हॉइस चालतच नसेल तर त्या स्क्रीनचाही फोटो ठेवा, तक्रारीत तो वेगळा मुद्दा होतो.

एवढं करूनही काही झालं नाही तर दुसरी शक्यता अशी की फीचरच काढून टाकलंय. हे घडतं. १ मार्च २०२४ पासून सॅमसंगच्या टीव्हींमधून गूगल असिस्टंट बंद झालं, कारण गूगलचं धोरण बदललं असं सॅमसंगने जाहीर केलं होतं. तुमच्या बाबतीतही असं काही असेल तर कंपनीच्या सपोर्ट पेजवर सूचना असेल, तिचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. सेटिंगचा दोष आणि काढून घेतलेलं फीचर या दोन वेगळ्या केसेस आहेत आणि दुसरी तुमच्यासाठी जास्त सोपी, कारण तिथे कंपनीला वायफायचं कारण देताच येत नाही.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, हा २० जुलै २०२० पासून लागू झालाय. बिल भावाच्या नावावर आहे याची काळजी करू नका, कलम २(७) प्रमाणे पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो, म्हणजे वडील स्वतः तक्रारदार होऊ शकतात. मी तर म्हणेन वडील आणि भाऊ दोघांच्या नावाने करा, म्हणजे हा आक्षेप उभाच राहणार नाही.

कंपनी म्हणते पॅनल ओके आहे म्हणजे वस्तूत दोष नाही. हे साफ चूक आहे. कलम २(१०) मधली दोषाची व्याख्या वाचा, कायद्याने किंवा कराराने जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव तर दोष आहेच, शिवाय विक्रेत्याने कुठल्याही प्रकारे जो दावा केला त्यात उणीव असली तरी तो दोष आहे. खोक्यावर 'आवाजाने चालू-बंद करा' छापणं हा दावाच आहे. पॅनलवर चित्र दिसतंय म्हणून तो दावा पूर्ण होत नाही. आणि तपासणी न करता ओटीपी घेऊन तक्रार बंद करणं ही कलम २(११) खाली सेवेतली त्रुटी होते. हे ओटीपी प्रकरण मला मनापासून खटकतं, माणूस दारात उभा असतो, कंप्लेंट रजिस्टर करायला लागेल सर म्हणतो, आपण कोड सांगतो, आणि कंपनीच्या रेकॉर्डला ग्राहक समाधानी म्हणून नोंद होते. आजच्या आज कंपनीला ईमेल करा की तक्रार सुटलेली नाही, मी दिलेला ओटीपी ही भेट झाल्याची पोच होती, दुरुस्ती झाल्याची नव्हे, आणि जुना तक्रार क्रमांक लिहून नवीन नोंदवा. हा ईमेल उशिरा गेला तर तो ओटीपी तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

विक्रेत्याच्या 'रिटर्नची मुदत गेली' या उत्तराला कायद्यात फार वजन नाही. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं तिच्यात नसतील तर विक्रेत्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. अर्थात आठ महिने फीचर चाललं होतं म्हणून तो म्हणणार की आम्ही दिलं तेव्हा चांगलं होतं, आणि त्या म्हणण्यात थोडा दम आहे, म्हणून तुमचा मुख्य रोख उत्पादकावरच ठेवा आणि विक्रेत्याला सोबत जोडा. ज्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून टीव्ही घेतला त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एक महिन्यात निकाल लावायचा असतो.

सामनेवाले कोण करायचे. टीव्ही उत्पादक, विक्रेता आणि स्पीकर कंपनी तिघांनाही करा. कडी कुठे तुटली हे शोधायची जबाबदारी पक्षाघात झालेल्या माणसावर टाकता येत नाही, तिघे एकाच टेबलावर आले की एकमेकांकडे बोट दाखवायचा खेळ तिथेच संपतो. वस्तूचा दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग कलम ३८ खाली ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी तुम्हाला आधी भरायला सांगितली जाऊ शकते, आणि म्हणूनच वरचे व्हिडिओ महत्त्वाचे, ते स्पष्ट असतील तर प्रयोगशाळेची गरज पडेलच असं नाही.

दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिलं, इंटरनेटवर वाचून 'प्रॉडक्ट लायबिलिटी' लिहितात. ते प्रकरण वस्तूमुळे इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं यासाठी आहे, कलम २(२२) मध्ये खुद्द वस्तूचं नुकसान स्पष्टपणे वगळलंय, म्हणून तुमची तक्रार दोष आणि सेवेतली त्रुटी यावरच उभी करा. दुसरं, अटींमध्ये कुठेतरी 'फीचर्स पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात' असं असणारच, आणि वकील उत्साहाने तो करारच अनुचित ठरवा अशी मागणी करतात. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगाच्या अधिकारात येते, आणि कंपनी पहिल्याच तारखेला तोच आक्षेप घेईल. त्याऐवजी एवढंच म्हणा की ही बारीक अट खोक्यावरच्या मोठ्या अक्षरातल्या दाव्याला पुसू शकत नाही.

विकलेल्या वस्तूतलं फीचर अपडेटने काढून घेतलं तर काय, यावर आपल्याकडे वेगळं कलम नाही. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या वस्तूविक्री निर्देशात डिजिटल भाग असलेल्या वस्तूंना लागणारे अपडेट ग्राहकाला रास्तपणे अपेक्षित काळापर्यंत देत राहायची जबाबदारी विक्रेत्यावर टाकलीये. अमेरिकेत २०१० मध्ये सोनीने अपडेट देऊन प्लेस्टेशन ३ वर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सोय काढली तेव्हा ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि तो शेवटी तडजोडीत मिटला. आपल्या आयोगावर यातलं काहीच बंधनकारक नाही, युक्तिवादात एका परिच्छेदात आलं तर बरं, त्यावर केस उभी करू नका. तुमची केस खोक्यावरच्या छापील वाक्यावर उभी आहे, ते खोकं असेल तर टाकू नका, नसेल तर जाहिरातीचं पान सेव्ह करा, कंपन्या ते बदलतात.

मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून, म्हणजे तुमच्या बाबतीत फीचर बंद पडल्यापासून, तरी थांबू नका कारण वॉरंटी वर्षाची असेल तर तिचे जेमतेम चार महिनेच उरलेत आणि वॉरंटीत असतानाच लेखी तक्रार गेलेली बरी. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. मग पंधरा दिवसांची नोटीस द्या, आणि मग तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाइन करता येते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि वडिलांना नेणं अवघड असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीची विनंती अर्जात करा, कायद्यात ती तरतूद आहे. कायद्यात निकालाला तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते मनात धरूनच चला.

मागणी क्रमाने लिहा, आधी फीचर पूर्ववत करून देणे, ते शक्य नसेल तर तेच फीचर असलेला टीव्ही बदलून देणे, तेही नसेल तर पूर्ण रक्कम परत, आणि मानसिक व शारीरिक त्रासापोटी भरपाई आणि तक्रारीचा खर्च. वडिलांचे वैद्यकीय कागद जोडा आणि खरेदीआधी विक्रेत्याशी चॅटवर आवाजाच्या सोयीबद्दल विचारलं असेल तर ते चॅट तर नक्कीच जोडा, टीव्ही याच कारणासाठी घेतला हे सिद्ध झालं तर 'छोटं फीचर गेलं, बाकी टीव्ही चालतोय' हे म्हणणं टिकत नाही. मोबाइलमधल्या व्हिडिओ-स्क्रीनशॉटसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं) जोडून टाका, आयोग पुराव्याच्या नियमांना तितकासा बांधलेला नाही पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची.

नोटीस गेल्यावर कंपनीचा फोन येईल आणि टीव्ही बदलून देतो म्हणतील, तर जरूर घ्या. फक्त नवीन मॉडेलमध्ये हेच फीचर आहे हे ईमेलवर लिहून मागा, आणि वडिलांनी स्वतःच्या आवाजात बंद टीव्ही चालू करून दाखवल्याशिवाय 'तक्रार पूर्णपणे मिटली' अशा कागदावर सही करू नका किंवा ओटीपी देऊ नका. पक्षाघातानंतर बोलणं थोडं जड होऊ शकतं, दुसऱ्याच्या स्पष्ट आवाजात डेमो दाखवून चालणार नाही, हे त्या ईमेलमध्येच घाला.