वाचकांचे प्रश्न : जुनी पत्रिका पुसली, तरी दिसते कोठून?

प्रश्न : आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी हौसेने सांभाळतो. इमारतीची, दुर्मिळ ग्रंथांची आणि जुन्या कार्यक्रमांची मिळून चाळीसेक छायाचित्रे मुख्य पानावर असल्याने ते उघडण्यास फार वेळ लागे. वेग तपासणाऱ्या एका साधनाने ‘फायली कॅशे करण्याची (म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवून ठेवण्याची) मुदत वाढवा’ असे सुचवले, म्हणून मी सरसकट सर्व फायलींना एक वर्षाची मुदत दिली आणि पान झटकन उघडू लागले. पुढे वसंत व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची तारीख बदलली. मी पत्रिकेचे नवे चित्र जुन्याच नावाने चढवले, तरीही अनेकांना जुनी पत्रिकाच दिसत राहिली आणि काही ज्येष्ठ सभासद जुन्या तारखेला येऊन, कुलूप पाहून परत गेले. सर्व्हरवरून पुसलेले चित्र लोकांना दिसते कोठून, आणि ते आता घालवायचे कसे? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : ते चित्र आता आपल्या सर्व्हरवर नाही, सभासदांच्या फोनमध्ये आहे. छापखान्यात मजकूर दुरुस्त केला म्हणून घरोघरी वाटून झालेल्या पत्रिका बदलत नाहीत, तसेच येथे झाले आहे.

ब्राउझर एखादे चित्र पहिल्यांदा उतरवून घेतो तेव्हा चित्राबरोबर सर्व्हरकडून काही सूचनाही येतात. त्यांपैकी ‘कॅशे-कंट्रोल’ या सूचनेत ‘मॅक्स-एज’ म्हणून एक आकडा असतो आणि तो सेकंदांत मोजायचा असतो. आपण दिलेले एक वर्ष म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद. तेवढा काळ त्या पत्त्यावरची फाइल ताजीच आहे, असे आपणच ब्राउझरला सांगून ठेवले. त्यामुळे सभासद पुन्हा पान उघडतो तेव्हा ब्राउझर त्या चित्रासाठी सर्व्हरकडे जातच नाही, स्वतःजवळची प्रत दाखवून मोकळा होतो. पान झटकन उघडू लागले ते याच कारणाने. जो प्रश्न विचारलाच जात नाही त्याला बदललेले उत्तर देण्याची सोय कोणत्याही सर्व्हरकडे नसते. फोनमधील जागा अपुरी पडल्यास ब्राउझर अशा प्रती मुदतीआधीही टाकून देतो, पण त्यावर विसंबून व्याख्यानमाला चालवता येणार नाही.

तातडीचा उपाय म्हणजे चित्राचे नाव बदलणे. ‘पत्रिका’ या नावाऐवजी ‘पत्रिका-२’ असे नाव देऊन पानातील दुवाही त्याप्रमाणे बदलावा. ब्राउझर फाइल ओळखतो ती तिच्या पूर्ण पत्त्यावरून, म्हणून नाव बदलले की ती त्याच्या दृष्टीने कधीही न पाहिलेली फाइल ठरते आणि तो ती नव्याने मागवतो. आपल्या बाबतीत मात्र यात एक मेख आहे. आपण वर्षाची मुदत ‘सरसकट’ दिली असल्याने मुख्य पानाची एचटीएमएल फाइलही, म्हणजे मजकूर आणि चित्रांचे दुवे असलेली मूळ फाइलही, त्यात आली असणार. ज्यांच्या फोनमध्ये ते जुने पान साठले आहे त्यांना नव्या नावाचा पत्ताच लागणार नाही, कारण ते नाव नव्या पानात आहे आणि नवे पान मागवलेच जात नाही. अशा सभासदांनी पान रीफ्रेश केल्यास ब्राउझर निदान मुख्य पानाची तरी सर्व्हरकडे चौकशी करतो. परंतु प्रत्येकाला हे समजावत बसण्यापेक्षा, संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून तो दुवा सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवावा. सर्व्हर साधारणपणे तेच पान देईल, पण ब्राउझरला तो पत्ता नवा वाटल्याने पान ताजे येईल.

आता कायमची व्यवस्था. येथे फायलींचे दोन वर्ग पाडणे आवश्यक आहे, आणि ते न पाडता सगळ्यांना एकच मुदत लावणे ही या विषयातील सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. चित्रे, फाँट, सीएसएस (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फायली) आणि जावास्क्रिप्ट (पानावरच्या क्रिया चालवणाऱ्या फायली) यांना वर्षाची मुदत खुशाल द्यावी, मात्र अशा फाइलीत बदल झाला की तिचे नाव बदललेच पाहिजे, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. एकदा दिलेल्या नावाखालचा मजकूर कधीच बदलायचा नाही, असे ठरले की दीर्घ मुदतीची भीती उरत नाही. २०१७ साली प्रमाणित झालेली ‘इम्युटेबल’ ही जोडसूचना नेमके हेच सांगते, पण सर्वच ब्राउझर ती मानत नाहीत. संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेससारख्या प्रणाली नाव न बदलता पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे आवृत्तीचा क्रमांक जोडतात. तेही चालते, परंतु नावातच क्रमांक असणे मला अधिक निर्धोक वाटते, कारण मग जुनी आणि नवी फाइल सर्व्हरवर शेजारी शेजारी राहतात आणि जुन्या पानाला जुने चित्र तरी मिळते.

एचटीएमएल पानांसाठी मात्र ‘नो-कॅशे’ ही सूचना द्यावी. हे नाव फसवे आहे. त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘साठवा, पण वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी मला विचारा’ असा आहे. मुळीच साठवू नये असे सांगण्यासाठी ‘नो-स्टोअर’ ही वेगळी सूचना आहे. सभासदाने लॉगिन करून पाहायच्या पानांवर, म्हणजे कोणाकडे कोणते पुस्तक आहे किंवा कोणाची वर्गणी थकली आहे अशा पानांवर, ती वापरावी. विचारणेची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. सर्व्हर प्रत्येक फाइलीसोबत तिची ओळखखूण, म्हणजे ‘ईटॅग’, किंवा शेवटच्या बदलाची वेळ पाठवू शकतो. पुढच्या खेपेस ब्राउझर ती खूण दाखवून ‘यात बदल झाला आहे का?’ असे विचारतो. बदल नसेल तर सर्व्हर फाइल न पाठवता ३०४ या क्रमांकाचे चिमुकले उत्तर देतो. बराचसा डेटा वाचतो, तरी जाण्यायेण्याचा वेळ लागतोच. एका पानासाठी तो सोसता येतो, चाळीस चित्रांसाठी चाळीस विचारणा मात्र नेटवर्क मंद असलेल्या गावात चांगल्याच जाणवतात. म्हणून चित्रांना दीर्घ मुदत आणि पानाला विचारणा, अशी ही वाटणी आहे. अपाची आणि एनजिनएक्स या दोन्ही सर्व्हरवर फाइलीच्या प्रकारानुसार वेगळी मुदत देता येते, तेव्हा हे काम होस्टिंग न बदलता होईल.

या निमित्ताने आणखी एक सांगावेसे वाटते. मुदतीची सूचना अजिबात न दिल्यास ब्राउझर काहीच साठवत नाही, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नियमांनी अशा वेळी ब्राउझरला अंदाज बांधण्याची मोकळीक दिलेली आहे, आणि फाइल शेवटची बदलल्यापासून जितका काळ लोटला त्याच्या दहा टक्के, हा त्यातला रूढ हिशेब आहे. शंभर दिवसांपूर्वी बदललेले चित्र त्यामुळे दहा दिवस न विचारता वापरले जाऊ शकते. त्यापेक्षा मुदत आपण लिहून दिलेली बरी.

प्रश्न : कॅशेची सर्व व्यवस्था केल्यावर संकेतस्थळ पहिल्यांदा उघडणाऱ्यालाही ते वेगाने दिसेल का?

उत्तर : नाही. ब्राउझरची कॅशे दुसऱ्या भेटीपासून उपयोगी पडते. पहिल्या भेटीसाठी चित्रांचे वजनच कमी केले पाहिजे. मोबाइलने काढलेले चार-पाच एमबीचे छायाचित्र तसेच चढवू नये. पडद्यावर जेवढ्या रुंदीचे दिसणार तेवढे लहान करून, शक्यतो वेबपी प्रकारात, चढवावे आणि पानाच्या तळाशी असलेली चित्रे वाचक तेथपर्यंत आल्यावरच उतरतील अशी सोय करावी. वाचक दूरदूरच्या शहरांत किंवा परदेशात असतील तर सीडीएनचा, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याचा, उपयोग होतो, कारण त्यांच्या जवळच्या सर्व्हरवर चित्राची प्रत तयार असते. आणि ती प्रत, ब्राउझरमधल्या प्रतीसारखी हाताबाहेर गेलेली नसते, हवी तेव्हा पुसता येते.

प्रश्न : मराठी फाँट आणि जेक्वेरी (जावास्क्रिप्टचा एक तयार संच) बाहेरच्या सामाईक सर्व्हरवरून जोडले, तर दुसऱ्या संकेतस्थळामुळे ते वाचकाकडे आधीच साठलेले असतात, असे ऐकले आहे. ते खरे का?

उत्तर : एके काळी खरे होते. पण एखादी फाइल किती चटकन मिळते यावरून वाचक आधी कोणत्या संकेतस्थळावर जाऊन आला, हे ताडता येऊ लागले, म्हणून ब्राउझरांनी प्रत्येक संकेतस्थळासाठी कॅशेचा कप्पाच वेगळा केला. सफारीने हे बरेच आधी, २०१३ साली केले. क्रोमने ऑक्टोबर २०२०मध्ये ८६व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१मध्ये ८५व्या आवृत्तीपासून तीच वाट धरली. आता तोच फाँट दहा संकेतस्थळांवर असला तरी तो दहा वेळा उतरतो, आणि बाहेरच्या सर्व्हरशी नवी जोडणी करण्याचा वेळ वर जातो. फाँट आणि जेक्वेरी आपल्याच सर्व्हरवर, नावात आवृत्ती घालून ठेवावेत.