बाबांचा मेंदू ‘आकसलाय’ म्हणजे काय?

प्रश्न : माझे बाबा ७३ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. दोन महिन्यांपूर्वी बाजारातून घरी येताना रस्ता चुकले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन, फझेकास ग्रेड १’ असं लिहिलंय. ही अल्झायमरची सुरुवात का? भाऊ म्हणतो, पेट स्कॅन करून एकदाचा निकाल लावू.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, मी २६ वर्षं एमआरआयचे रिपोर्ट लिहितेय. ही ओळ वाचून घरची माणसं किती घाबरतात ते मला ठाऊक आहे. सत्तरीत मेंदूच्या वळ्यांमधल्या फटी थोड्या रुंदावतातच. फझेकास म्हणजे मेंदूच्या आतल्या भागातल्या पांढऱ्या ठिपक्यांची ० ते ३ अशी श्रेणी. हे ठिपके बहुतेकदा बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेमुळे येतात. १ म्हणजे तुरळक. या वयात ते नेहमी दिसतात. त्यावरून अल्झायमर ठरत नाही. बीपी आणि साखर मात्र सांभाळा.

मला खटकतंय ते रिपोर्टमध्ये जे नाही ते. हिपोकॅम्पस हा दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला असलेला, करंगळीएवढा भाग. नवी गोष्ट लक्षात ठेवायचं काम त्याचं, आणि अल्झायमरमध्ये बहुधा तो लवकर झिजतो. चेहऱ्याला समांतर घेतलेल्या कापांवर त्याची झीज ० ते ४ अशी मोजतात. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा जास्त आली तर दखल घ्यायची. ही श्रेणी सेंटरकडून लिहून मागा. सीडीवरची चित्रं पाहून ती देता येते, स्कॅन बहुधा पुन्हा काढावा लागत नाही.

तरीही एकट्या चित्रावर विसंबू नका. माझ्या आईचा एमआरआय मीच पाहिला आणि ‘ठीक आहे’ म्हटलं. ती आमटीत दोनदा मीठ घालत होती, भिशीचे पैसे कुणी दिले ते विसरत होती. वर्षभर मी तिच्यापेक्षा त्या चित्रावर जास्त विश्वास ठेवला. ते वर्ष मला अजून सलतं.

पेटचं म्हणाल, तर देशातला पहिला पेट स्कॅनर तुमच्या शेजारी परळलाच २००२ मध्ये सुरू झाला, पण म्हणून लगेच धावायची गरज नाही. एका प्रकारात मेंदू साखर कुठे कमी वापरतो ते दिसतं, दुसऱ्यात अमायलॉइड या, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा साठा. हा साठा स्मरणशक्ती शाबूत असलेल्या अनेक म्हाताऱ्या माणसांतही सापडतो. म्हणजे भावाला हवा तसा ‘निकाल’ त्यातून एकट्याने लागत नाही. उपचार बदलणार असतील आणि न्यूरॉलॉजिस्ट सांगतील, तरच करा.

त्याआधी बी-१२ आणि थायरॉईड तपासा. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी मराठीतूनच घ्यायला सांगा. वर्षाने पुन्हा एमआरआय सांगितला तर शक्यतो त्याच मशीनवर करा, तुलना नीट होते.

आणि एक वही ठेवा. बाबा अजूनही जुन्या रूटचे सगळे स्टॉप घडाघडा म्हणतील, त्यावर जाऊ नका. ती ४० वर्षांची मुरलेली आठवण आहे. सकाळी घरी कोण येऊन गेलं, हे संध्याकाळी सहज बोलता बोलता विचारा. काय म्हणाले ते तारखेसह लिहा आणि ती वही सीडीसोबत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.