मॅनेजर झाल्यावर इंजिनीअरिंग संपतं का?

"मॅनेजर झालो आणि माझं इंजिनीअरिंग संपलं." एव्हियॉनिक्समधले, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणारे लोक सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यातल्याच एकांची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही अशी.

फ्लाइट कंट्रोलचं सॉफ्टवेअर लिहिण्यापासून सुरुवात, मग टीम लीड, मग अख्ख्या विभागाचे मॅनेजर. आता दिवस जायचा वेळापत्रकं, बजेट, पुरवठादार आणि सर्टिफिकेशनच्या कागदांत. "पोरं नव्या टूल्सबद्दल बोलतात, मला निम्मंच कळतं. उद्या नोकरी गेली तर मला कोण विचारणार?" या धास्तीपायी ते रात्री जागून ज्युनिअर्सचा कोड तपासत बसायचे. टीम वैतागली होती, घरचेही.

धास्ती खोटी आहे, असं पटवायला मी गेले नाही. परिस्थितीपेक्षा आपण तिचा जो अर्थ लावतो तोच माणसाला जास्त थकवतो, असं मी पहिल्यापासून मानत आले आहे. तो अर्थ हाती लागावा म्हणून एकदा विचारलं, "अलीकडे कामात बरं कधी वाटलं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "एका रिव्ह्यूत. डिस्प्ले युनिटच्या सगळ्या टेस्ट पास होत्या. मी विचारलं, ग्राउंड पॉवरवरून, म्हणजे जमिनीवरच्या वीजपुरवठ्यावरून, विमानाच्या जनरेटरवर जाताना वीज क्षणभर तुटते, तेव्हा हे युनिट काय करतं? कुणी बघितलंच नव्हतं. बघितलं, तर ते रीस्टार्ट होत होतं."

"कोड लिहिणाऱ्याला हे का नाही सुचलं?"

"तो कोडमध्ये बुडालेला होता ना. म्हणून तर..." ते थांबले.

"म्हणून तर काय?"

"डीओ-१७८सीमध्ये, म्हणजे विमानातल्या सॉफ्टवेअरच्या मानकात, हेच आहे, मॅडम. लेव्हल ए, म्हणजे जिथे चूक झाली तर विमानच जाऊ शकतं, तिथे बऱ्याच तपासण्या लिहिणाऱ्यानं स्वतः करायच्या नसतात. दुसऱ्यानं करायच्या. मी पोरांना हेच शिकवत आलोय."

"मग तो दुसरा माणूस कमी इंजिनीअर असतो का?"

ते एकदम हसले. कित्येक भेटींत पहिल्यांदाच.

त्या हसण्याचं मला आजही समाधान वाटतं. उत्तर त्यांच्याच कामातल्या नियमात होतं. तो नियम ते सगळ्यांना लावत होते, फक्त स्वतःला सोडून. वर्षानुवर्षं लॅबमध्ये उभं राहिल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही. त्यांचं इंजिनीअरिंग आता अशा प्रश्नांत उतरलं होतं.

अशी धास्ती वाटणाऱ्यांना माझं सांगणं आहे: लपूनछपून कोड तपासू नका, टीमला तो अविश्वास वाटतो. त्यापेक्षा लॅबसाठी ठरावीक वेळ राखा, बिघाडांचे अहवाल स्वतः वाचा, प्रत्येक रिक्वायरमेंट कुठून आली ते विचारा. टूल्स बदलत राहतात. वीज, उष्णता, कंपन यांत यंत्र कसं वागतं याची जाण टिकते. मुलाखतीत किती माणसं सांभाळली याच्याआधी कोणता धोका वेळेत ओळखला ते सांगा.

एवढं करूनही मन रमत नसेल, तर सिस्टिम्स, सेफ्टी किंवा सर्टिफिकेशनकडे खुशाल वळा. बऱ्याच कंपन्यांत तांत्रिक वाटही तितकीच वर जाते. त्या वाटेनं गेलेल्या एक बाई मला भेटल्या आहेत, त्यांना कधी पस्तावा झाला नाही.

हे गृहस्थ मात्र मॅनेजरच राहिले. रात्रीची तपासणी बंद झाली. आता रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी पोरंच त्यांच्याकडे येतात: "सर, उद्या तुम्ही काय विचाराल?"