पकड मोठी, गल्ला लहान

प्रश्न : युरोपीय संघात मासेमारीच्या वजनात डेन्मार्क वरच्या देशांत आहे, पण कमाईत स्पेनच्या पुष्कळ मागे. डॅनिश मासे इतके स्वस्त का विकले जातात?

उत्तर : स्वस्त विकले जात नाहीत हो, मासेच निराळे आहेत. डेन्मार्कच्या वजनात सँडईल आणि स्प्रॅट या लहान माशांचा वाटा फार मोठा. सँडईल म्हणजे वीतभर लांबीची, करंगळीसारखी बारीक मासळी. ती पेटीत भरत नाहीत की बर्फावर मांडत नाहीत. बोटीच्या पोटातून पंपाने ओढून थेट कारखान्यात जाते, तिची भुकटी आणि तेल होतं, आणि त्यातलं बरंचसं नॉर्वेच्या पिंजऱ्यांत वाढणाऱ्या सॅमन माशांच्या पोटात जातं. तिथे भाव टनावर ठरतो.

आता विगोचा लिलाव पाहा. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या या बंदरात मी अकरा वर्षं एका कारखान्यासाठी मासे घेत होते. पहाटेची वेळ, पेट्यांची रांग, प्रत्येक जण कल्ला उचलून आतला रंग बघतोय. फलकावर भाव वरून खाली उतरत येतो. जो आधी बटण दाबेल त्याचा माल. हेक हा एकच मासा, पण गळाने धरलेला आणि जाळ्याने ओढलेला यांच्या भावात मोठी तफावत. जाळ्यात चेंगरून खवलं गळतात, मांस मऊ पडतं. गळाचा मासा अखंड, चकचकीत. पहिल्याच वर्षी माल हातचा जाईल या भीतीने मी घाईत बटण दाबलं आणि जाळ्याच्या हेकला गळाचा भाव देऊन बसले. मालक दोन दिवस बोलले नाहीत.

आणखी एक. तुम्ही पाहिलेली कमाई बंदरावरच्या पहिल्या विक्रीची असते, हॉटेलच्या ताटातली नव्हे. ही पहिली विक्री कोणाच्या हातात आहे, यावरही भाव ठरतो. नॉर्वेत 1938च्या कायद्याने ती मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संघांकडे गेली. किमान भाव तेच बांधतात. आमच्यासारख्या खरेदीदारांना हे मुळीच आवडत नाही, पण कॉड मासा धरणाऱ्यांना पडेल त्या भावात माल फेकावा लागत नाही.

युरोस्टॅट म्हणजे युरोपीय संघाचं आकडेवारी कार्यालय, त्याच्या तक्त्यात उतरवलेल्या मासळीचा वापरही नोंदवलेला असतो. खाण्याची मासळी तेवढी वेगळी काढा आणि मग किलोमागे भाव लावून बघा.