वाचक विचारतात : तीन भाद्रपद, मणिबेली आणि काँग्रेस गवत

प्रश्न : माझी आई सांगते की, किल्लारीचा भूकंप झाला त्याच पितृपंधरवड्यात सुरतेत प्लेग आला आणि लिंबायतला राहणारे आमचे काका बिऱ्हाडासह रातोरात अमळनेरला आले. भावकीने त्यांना आठवडाभर मळ्यातल्या खोलीत ठेवले होते. या दोन्ही घटना एकाच वर्षीच्या आहेत का? भूकंपामुळेच प्लेग आला, हे खरे का? आणि मुळात तो प्लेगच होता का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आपल्या मातोश्रींच्या आठवणीतला महिना बरोबर आहे, साल तेवढे एकाने सरकले आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे नुकतीच झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद अशा घरांखाली सुमारे दहा हजार माणसे गाडली गेली. सुरतेची साथ पुढच्या वर्षीची, म्हणजे सप्टेंबर १९९४ ची आहे. पण तीही विसर्जन होऊन दोन-तीन दिवस उलटतात तोच उघडकीस आली. त्याच्याही पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर १९९५ रोजी, गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली आणि तेव्हाही पितृपंधरवडाच चालू होता. लागोपाठच्या तीन भाद्रपदांत अशा तीन घटना घडल्यावर घरोघरच्या आठवणीत त्या एकमेकींत मिसळल्या, यात नवल नाही. ज्या घरात सालापेक्षा सणावारावरून हिशेब ठेवला जातो तिथे तिथी पक्की राहते आणि साल निसटते. जुन्या माणसांची साक्ष नोंदवणाऱ्यांनी म्हणूनच आधी महिना विचारावा आणि साल मागाहून कागदांवरून पडताळून घ्यावे.

भूकंपाचा आणि प्लेगचा संबंध पूर्णपणे कपोलकल्पित नाही, मात्र तो सुरतेपर्यंत ओढता येत नाही. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिले, त्यावर उंदीर माजले आणि त्यांच्या अंगावरील पिसवांमधून रोग माणसांत आला, असे स्पष्टीकरण तेव्हा तज्ज्ञांनी मांडले होते. सुरतेतील रोग मात्र फुप्फुसाचा होता. तो पिसवांवर अवलंबून नसतो, रुग्णाच्या खोकल्यातून थेट जवळच्या माणसाला होतो. बीडचा जंतूच सुरतेला पोहोचला, हे कधीही सिद्ध झालेले नाही. सुरतेची स्वतःची अवस्थाही त्या महिन्यात वाईट होती, कारण तापीच्या पुराने सखल वस्त्यांत गाळ, कचरा आणि मेलेली जनावरे आणून टाकली होती.

तो प्लेगच होता का, यावर डॉक्टरांमध्ये बराच वाद झाला. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, प्लेगपूर्वी उंदीर मरून पडतात तसे ते सुरतेत पडले नाहीत आणि फुप्फुसाच्या प्लेगच्या मानाने मृत्यूही फार कमी झाले. देशभरातील मृतांची संख्या साठाच्या आत राहिली. भारतात त्याआधीचा प्रयोगशाळेत सिद्ध झालेला रुग्ण १९६६ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात सापडला होता, त्यामुळे १९९४ मध्ये काम करणाऱ्या बहुतेक डॉक्टरांनी प्लेग फक्त पुस्तकात वाचला होता. पुढे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला आणि आज सर्वसाधारणपणे तोच ग्राह्य धरला जातो.

आपल्या काकांसारखी लाखो माणसे त्या आठवड्यात सुरतेतून निघाली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत काम करणारा खान्देशी माणूस ताप्ती लाइनने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा घराकडे परतला. सुरतेतले कित्येक खाजगी डॉक्टरही दवाखाने बंद करून निघून गेले आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. या पळापळीतून रोग गावोगाव पसरायला हवा होता, तरी तो पसरला नाही. फुप्फुसाचा प्लेग झालेला माणूस एक-दोन दिवसांतच इतका खंगतो की त्याच्याने लांबचा प्रवास होत नाही. लागण होण्यासाठी रुग्णाशी अगदी जवळून संपर्क यावा लागतो आणि वेळेवर घेतलेल्या टेट्रासायक्लिनने रोग आटोक्यात येतो. आपल्या भावकीने काकांना मळ्यात ठेवले ते त्यांना बोचले असेल. रोगाची लक्षणे दिसायला साधारण एक ते चार दिवस लागतात हे पाहता आठवडाभराचे ते अंतर वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते. भाकरी वेळेवर पोहोचत होती की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

प्रश्न : १९९५ साली चोपड्याच्या मंदिरात मी स्वतः गणपतीच्या सोंडेला चमचा लावला आणि तो रिकामा झालेला पाहिला. तो भास होता असे म्हणावे काय? (एक वाचिका, चोपडा)

उत्तर : आपण पाहिले ते खरेच घडले, चमचा रिकामा झालाच. काठोकाठ भरलेल्या चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे कडेच्या किंचित वर फुगलेले असते. ते दगडी किंवा धातूच्या सोंडेला टेकले की त्याची कड मोडते, दूध त्या पृष्ठभागाला धरते आणि अतिशय पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. पांढऱ्या किंवा ओल्या मूर्तीवर हा थर दिसत नाही. दिल्लीत वैज्ञानिकांच्या पथकाने दुधात रंग मिसळला, तेव्हा तो मूर्तीवरून उतरताना सर्वांना दिसला.

प्रश्न : स्कायलॅब पडली म्हणून मोरवीचे धरण फुटले, असे आजोबा म्हणत. तसे आहे का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : नाही. सुमारे ७७ टन वजनाची ती अमेरिकी अवकाश प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ च्या रात्री, आपल्या वेळेनुसार, हिंदी महासागरावर आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकडे होऊन पडली. चारच दिवसांनी मोरारजी देसाई यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि ११ ऑगस्टला सौराष्ट्रात मच्छू नदीवरील दुसरे धरण अतिवृष्टीने फुटून मोरवी शहर बुडाले. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो टिकत नाही. तिथे नेमके तेच झाले. एका महिन्यात आकाश, सरकार आणि धरण असे तिन्ही कोसळल्यावर आजोबांनी त्यांची सांगड घातली, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : सरदार सरोवर गुजरातेत असताना मणिबेली हे आपल्याकडचे गाव कसे बुडाले? काही लेखांत ते धुळे जिल्ह्यात, काहींत नंदुरबार जिल्ह्यात दाखवले आहे. (एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : जिल्ह्याचा घोळ सोपा आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या लेखनात मणिबेली धुळे जिल्ह्यातच असणार आणि दोन्ही नोंदी आपापल्या काळापुरत्या बरोबर आहेत.

धरणाची भिंत गुजरातेत केवडियाजवळ असली, तरी तिच्यामागे साठणाऱ्या पाण्याचा फुगवटा नर्मदेच्या खोऱ्यातून महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात जातो. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या फुगवट्यात येतात आणि भिंतीला सर्वांत जवळचे म्हणून मणिबेलीला पाण्याची झळ आधी लागली. नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. त्यानुसार महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा मिळायचा होता आणि ज्यांची एक चतुर्थांशाहून अधिक जमीन जाईल अशा कुटुंबांना किमान दोन हेक्टर जमीन द्यायची होती. सज्ञान मुलगाही स्वतंत्र कुटुंब धरायचा होता. कागदावर ही तरतूद उदार दिसते. सातपुड्याच्या त्या डोंगराळ भागात मात्र पिढ्यान्पिढ्या नेवाड, म्हणजे जंगलातली जमीन, कसणाऱ्या अनेक आदिवासींच्या नावे सातबाराच नव्हता, आणि ज्याची जमीन कागदावर नाही त्याची ती बुडाली हे कोणत्या कार्यालयात सिद्ध करायचे, हाच खरा पेच होता. नर्मदा बचाओ आंदोलनाचा या खोऱ्यातील जोर समजून घ्यायचा असेल, तर मोर्च्यांच्या छायाचित्रांपेक्षा हा सातबाराचा प्रश्न आधी अभ्यासावा, असे माझे मत आहे.

पुढील घटनाक्रम थोडक्यात असा. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कठोर टीका केली आणि मार्च १९९३ मध्ये भारताने धरणासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाची उरलेली रक्कम नाकारली. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी बँकेने मोठ्या धरणांना कर्ज देऊ नये अशी मागणी करणारा जाहीरनामा काढला, त्याला मणिबेलीचेच नाव दिले. १९९५ पासून न्यायालयीन आदेशाने थांबलेले काम १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाला परवानगी दिली. महाराष्ट्रातील बऱ्याच विस्थापितांना तळोदा तालुक्यातील वनजमिनीवर वसवण्यात आले. त्या जंगलावर आधीपासून कसणाऱ्यांचे हक्क होते, त्यामुळे तिथे नवे वाद उभे राहिले.

प्रश्न : बहात्तरच्या दुष्काळात मिलोबरोबर, म्हणजे आयात केलेल्या तांबड्या ज्वारीबरोबर, काँग्रेस गवत आले, हे आमच्या शेतकरी मंडळात सर्वजण सांगतात. (एक वाचक, पारोळा)

उत्तर : हे गवत, म्हणजे गाजर गवत, भारतात प्रथम पुण्याजवळ १९५५-५६ च्या सुमारास नोंदले गेले. ते आयात धान्याबरोबर आले असावे, हा समज तेव्हापासूनचा आहे. परंतु ते धान्य १९७२ चा मिलो असू शकत नाही, कारण गवत त्याआधी सोळा-सतरा वर्षे इथे होते. रेशनवरची तांबडी मिलो, कामावर खायला मिळणारी सुकडी, खडी फोडणे आणि पाझर तलावांची माती वाहणे या आठवणी मात्र बहात्तरच्याच आहेत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी त्या दुष्काळात विस्तारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आपल्या मंडळातील जी माणसे त्या कामांवर होती, त्यांच्याकडे हजेरीची जुनी कार्डे असतील तर ती जपून ठेवावीत. कोणत्या तलावावर कोणत्या गावचे मजूर होते, हे त्यावरूनच कळेल.